ओट्याखाली सांगायच्या गोष्टी

माझ्या नावाआधी आता डॉक्टर लागतं. कोणी त्या नावाने हाक मारली की मला एका माणसाचे पाय आठवतात. धुळ्याच्या रस्त्यावर, एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या डांबरावर अनवाणी उभे असलेले पाय. चटका बसत होता म्हणून तो माणूस कधी डावा उचलायचा, कधी उजवा. मी ते पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

जळगावातल्या एका कॉलेजात मी वाणिज्य शिकवतो. पीएच.डी. नव्हती तोवर माझी बढती अडकलेली होती आणि माझ्या मागून आलेले दोघे माझ्या पुढे गेले होते. स्टाफरूममध्ये त्यांना सर म्हणताना जीभ जड व्हायची. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी संशोधक झालो. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. विषय घेतला तो खानदेशातल्या छोट्या कापड दुकानदारांच्या आर्थिक आणि मानसिक समाधानाचा. मोठमोठी शोरूम आली, साड्या मोबाईलवर मिळायला लागल्या, अशा दिवसांत या लोकांच्या मनाचं काय चाललंय ते मोजायचं. माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. व्यापारही आहे, पैसाही आहे, मानसशास्त्रही आहे, कुठेही छापून येईल, म्हणाल्या.

मोजायचं साधन म्हणजे प्रश्नावली. एका परदेशी प्रश्नावलीवरून मीच ती मराठीत आणली होती. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. 'मला माझ्या व्यवसायातून भावनिक परिपूर्ती लाभते.' हे वाक्य माझं. आज वाचलं की माझीच मला चीड येते. साक्रीला घरी गेलो तेव्हा वडिलांना ते वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

"तुमचं दुकानात मन रमायचं का, असं विचारलंय, नाना."

"मंग तसंच इचार ना."

मी बदललं नाही. बदललं असतं तर मूळ प्रश्नावलीची विश्वासार्हता जाते, असं मॅडमनी बजावून ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या अवघड शब्दांनी मला जरा मोठं झाल्यासारखं वाटायचं.

वडिलांनाच वाचून दाखवायचं कारण होतं. राजस्थानातून आलेल्या एका शेठच्या कापड दुकानात ते साक्रीला तीस वर्षं नोकरीला होते. पांढरी चादर घातलेली गादी, मागे तक्के, समोर लोखंडी मीटर. त्या गादीचे कायदे आमच्या घरातही चालायचे, कारण वडील ते अंगावर घेऊनच घरी यायचे. पहिला कायदा असा की गादीवर बसून वाईट बोलायचं नाही. मंदी आहे, गिऱ्हाईक नाही, तब्येत बरी नाही, कोणी गेलं, यातलं एक अक्षर तिथे काढायचं नाही. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बठ्ठं बरं शे," म्हणजे सगळं बरं आहे. दुसरा कायदा असा की दुकान रिकामं दिसू द्यायचं नाही. सकाळपासून बोहनी झालेली नसली तरी चार-सहा साड्या उलगडून समोर ढीग टाकून ठेवायचा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत्ताच कोणीतरी भरपूर खरेदी करून गेलं.

आणि वाईट सांगायचंच असेल तर दुकानाच्या ओट्याखाली, रस्त्यावर उतरून सांगायचं. माझा धाकटा काका रावेरला केळीच्या ट्रकवर काम करायचा. ट्रक उलटून तो गेला, तेव्हा निरोप आधी आमच्या घरी आला. माय तशीच दुकानावर गेली. पायऱ्या चढली नाही. खाली रस्त्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "जरा खाले या." एवढंच. वडील नंतर सांगायचे की तेवढ्यानेच त्यांना सगळं कळलं. कोण, ते नव्हतं कळलं. पण कोणीतरी गेलं हे कळलं. त्यांनी मीटर जागेवर ठेवलं, समोरच्या बाईला लुगड्याचा भाव सांगितला, आणि मग पायऱ्या उतरले. चपला घालायचं मात्र राहून गेलं. भावाचा मृत्यू त्यांनी अनवाणी ऐकला.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी माझी प्रश्नावली दुकानात, गादीवर बसूनच भरून घेतली. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतली, साक्रीपासून जामनेरपर्यंतची दुकानं. घरी जाऊन बोलायचं म्हणजे एकेका माणसाला अर्धा दिवस. घरातली माणसं, चहा, जेवणाचा आग्रह, मग कुठे तोंड उघडणार. दुकानात वीस मिनिटांत काम. दिवसाला सात-सात फॉर्म व्हायचे. प्रबंधात मी लिहिलं की माहिती 'उत्तरदात्याच्या नैसर्गिक वातावरणात' घेतली. त्या शब्दांवर मॅडमनी हिरव्या शाईने बरोबरची खूण केली.

साहजिकच उत्तरं आली पाच, पाच, चार, पाच. एखादा चार म्हणाला तर मला तो विचारी वाटायचा.

धुळ्याचं ते दुकान आग्रा रोडला फुटणाऱ्या एका गल्लीत होतं. बस्त्यासाठी एके काळी नाव असलेलं. लग्नाचा बस्ता म्हणजे नवरा-नवरीच्या आणि सगळ्या मानपानाच्या कपड्यांची एकाच बैठकीतली खरेदी. गावाकडून टेम्पो भरून माणसं यायची, दिवसभर गादीवर ठाण मांडायची, रुसायची, हसायची, आणि दुपारी शेठ सगळ्यांना जेवायला घालायचा. आता टेम्पो हायवेवरच्या शोरूमला जाऊन उभा राहतो. तिथे एसी आहे, फोटो काढायला आरसे आहेत.

शेठ पन्नाशीचे. पांढरा सदरा, कानात अत्तराचा फाया, बोलणं मऊ. पूर्वज राजस्थानातले, पण गिऱ्हाइकांशी बोलता बोलता अहिराणी अशी मुरलेली की साक्रीचा मी बावळट ठरावा. माझ्याशी मात्र सर म्हणून शुद्ध मराठीत बोलत होते. पाणी दिलं, चहा मागवला. गादीवर उलगडलेल्या साड्यांचा ढीग होता. फॉर्मवर निरीक्षणाचा एक रकाना होता, त्यात मी लिहिलं: 'ग्राहकांची वर्दळ दिसते.' लिहिताना माझी नजर सगळ्यात वरच्या साडीवर होती. तिची घडीची रेघ उन्हाने विटलेली होती. रोज सकाळी तीच साडी उलगडली जात होती, रोज संध्याकाळी तीच घडी होत होती. कापडवाल्याच्या नोकराच्या मुलाला हे कळायला किती वेळ लागणार? मी ते खोडलं नाही. वाक्य तसंच राहिलं.

"व्यवसायाबद्दल मी समाधानी आहे," मी वाचलं.

"लिहा पाच."

"भविष्याबद्दल मला काळजी वाटत नाही."

"पाच, सर. विचारायचं काय त्यात?"

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येत होतं. हसत होते ते. चाळीस प्रश्नांत एकही माणूस पायरी चढला नाही. समोरच्या ओट्यावरचा शेजारी दुकानदार वर्तमानपत्राआडून आमच्याकडे बघत होता, आणि त्याच्याही गादीवर साड्यांचा ढीग होता.

मी उठलो, पायऱ्या उतरलो, बूट घातले. पाठीमागे वळून बघतो तर शेठ माझ्यामागे खाली उतरलेले. अनवाणी. चपला ओट्याखालीच होत्या, दोन हातांवर, पण पाय त्यात घालायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"सर, तुम्ही मनाचं शिकवता ना?"

"नाही हो. वाणिज्य."

"पण कागदात सगळं मनाचंच आहे." त्यांनी डावा पाय उचलला, टेकवला, उजवा उचलला. "एक विचारायचं होतं."

माझी पाचची बस होती आणि त्याआधी दोन दुकानं उरली होती. मी घड्याळ बघितलं. त्यांना दिसेल असं बघितलं.

"पुढच्या वेळी निवांत बोलू, शेठ."

"हो हो, निवांतच. घरीच या ना. रविवारी दुपारी घरी असतो मी." मग म्हणाले, "एक कोरा कागद असला तर द्या. घरी बसून बघतो."

बॅगेत एक फॉर्म होता, छपाई वाकडी झाल्यामुळे बाद केलेला. तो दिला. त्यांनी तो प्रसादासारखा दोन्ही हातांत घेतला, आणि मला जरा हसू आलं. पुढच्या दुकानाकडे चालताना मी स्वतःवर खूश होतो, की वेळ वाचवला.

दिवाळीनंतर पुन्हा जावं लागलं. त्यांच्या फॉर्मवर वयाचा रकाना कोरा राहिला होता आणि मॅडमच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. नाहीतर मी गेलो नसतो. दुकानातला नोकर गेलेला होता. साड्यांच्या ढिगात दोनच साड्या उरल्या होत्या, आणि त्यातली एक तीच, विटलेल्या रेघेची.

"कसं काय, शेठ?"

"छान, एकदम छान." वय सांगितलं, बावन्न. मी लिहिलं आणि निघालो.

ते परत खाली आले. परत अनवाणी. या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या वयाच्या पुरुषाचं मनगट कोणी असं धरत नाही. मला अवघडल्यासारखं झालं.

"सर, मला सकाळी ना," ते म्हणाले, आणि थांबले. समोरच्या ओट्यावर शेजारी येऊन उभा राहिला होता. शेठ त्याच्याकडे बघून हसले, हात केला. मग हळूच म्हणाले, "घरीच या. या रविवारी नक्की या."

"नक्की," मी म्हणालो आणि मनगट सोडवून घेतलं.

आता माझी लाज सांगतो. एक रविवारआड मी साक्रीला जातो, आईवडिलांकडे. जळगावहून एसटी धुळ्याला येते, तिथे बस बदलायची. मध्ये कधी पाऊण तास, कधी तास मिळतो. शेठचं घर बसस्टँडपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. पत्ता फॉर्मवर होता, फॉर्म माझ्या कपाटात होता. तरी त्या थंडीत मी धुळ्याला किती वेळा बस बदलली, आणि एकदाही त्या रिक्षात बसलो नाही.

शनिवारी त्यांचा फोन यायचा. "सर, उद्या?" मी म्हणायचो, उद्या पेपर तपासायचेत. उद्या नानांना दवाखान्यात न्यायचंय. पुढच्या रविवारी नक्की. ते कधी कुरकुरले नाहीत. "हो हो, तुमचं काम महत्त्वाचं," म्हणायचे. एका रविवारी मी धुळे स्टँडच्या बाहेर उसाचा रस पीत उभा होतो. फोन वाजला. मी त्यांचा नंबर 'धुळे साडी' म्हणून ठेवला होता. 'धुळे साडी' असं पडद्यावर चमकत राहिलं. मी फोन रसवाल्याच्या टेबलावर पालथा घातला. रस संपेपर्यंत तो वाजत होता, मग बंद झाला. त्यानंतर त्यांचा फोन कधी आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

त्या दिवशी साक्रीला जेवताना मी वडिलांना सहज म्हणून सांगितलं, की एक दुकानदार मागे लागलाय, दोनदा माझ्यामागे रस्त्यावर उतरला, घरी या म्हणतो.

वडिलांचा घास हातात राहिला. "मंग तू गया नही?"

"वेळ कुठे आहे, नाना?"

"गादीवरना माणूस उगाच खाले उतरस नही."

मला राग आला. खरं बोललेल्या माणसाचा येतो तसला. मी म्हणालो, तुम्हाला नाही समजायचं, एकेकाच्या घरी जात बसलो तर माझा प्रबंध या जन्मात पुरा व्हायचा नाही. त्यांनी जेवण उरकलं. ताट धुवायला उठताना पुटपुटले, "दोनदा उतरना." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

प्रबंध पुरा झाला. निष्कर्ष असा निघाला की बाजार बदलला तरी खानदेशातला पारंपरिक कापड व्यापारी आर्थिक आणि मानसिकदृष्ट्या मोठ्या प्रमाणावर समाधानी आहे. मॅडम म्हणाल्या, हेच तर नवीन आहे, सगळे रडगाणं छापतात. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, इतकं समाधान येतं कुठून? एवढा एकच प्रश्न खरा होता, आणि उत्तर देऊ शकणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. सांगता आलं असतं की साहेब, ही उत्तरं गादीवर बसून घेतलीत, तिथे दुसरं काही बोलता येत नाही. मी म्हणालो, "सांस्कृतिक लवचिकता, सर." त्यांनी मान डोलावली. बाहेर पेढे वाटले. प्रबंधात 'संशोधनाच्या मर्यादा' असा एक भाग असतो. त्यात मी वेळेची आणि खर्चाची मर्यादा लिहिली आहे. गादीचं एक अक्षर नाही. काळ्या कापडी बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं ते पुस्तक स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात उभं असतं. बढतीही झाली. तिचा आनंद होईल असं वाटलं होतं.

बढतीच्या पुढच्या वर्षी, उन्हाळ्याआधी, एका दुपारी, शिपाई म्हणाला की एक बाई भेटायला आल्यात, धुळ्याहून. स्टाफरूम पहिल्या मजल्यावर आहे. त्या दारात उभ्या होत्या. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा खूप दिवस न झोपलेला.

"तुम्हीच का प्रश्नांचा कागद भरणारे सर?"

शेठच्या पत्नी होत्या. मी खुर्ची दिली, भाभी बसा म्हणालो. त्या काठावर टेकल्या आणि एका दमात सांगून मोकळ्या झाल्या, कारण हे त्यांना आता बऱ्याच ठिकाणी सांगून झालं होतं. शेठ घरातून गेले होते. दोन महिने होत आले. सकाळी नेहमीसारखं दुकान उघडलं, उदबत्ती लावली, साडी उलगडून ठेवली, समोरच्या शेजाऱ्याला म्हणाले की चहा घेऊन येतो. ते आलेच नाहीत. पाकीट गल्ल्यात, फोन गादीवर, चपला ओट्याखाली. पोलिसांत वर्दी दिली. मुलगा पुण्याहून येऊन पंधरा दिवस फिरला, सगळ्या नातेवाइकांकडे, देवस्थानांना, स्टेशनांवर. घेणेकरी वगैरे कोणी दारात आलेलं नाही, त्या म्हणाल्या, तसलं काही नव्हतं हो. मग काय होतं, तेच कळत नाही.

"घरात कधी काही बोलले नाहीत. विचारलं की छान, एकदम छान. पण तुमचं नाव काढायचे. सर मनाचं जाणतात म्हणायचे. सरांशी बोलणार आहे म्हणायचे." त्या पुढे झुकल्या. "तुमच्याशी काय बोलले, सर? कुठे जातो वगैरे काही? आठवून बघा. जे असेल ते सांगा, मी रडणार नाही."

माझ्या पाठीमागे कपाटात ते पुस्तक होतं. त्यात हा माणूस पाचपैकी पाच होता. सगळीकडे पाच.

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. घड्या पडून पडून मऊ झालेला. वाकड्या छपाईचा. शेठच्या कपाटात, लग्नातल्या फेट्याखाली सापडला होता.

मी वाचायला लागलो. निळ्या शाईतलं, जपून काढलेलं अक्षर होतं. 'व्यवसायाबद्दल मी समाधानी आहे': एक. 'भविष्याबद्दल मला काळजी वाटत नाही': एक, आणि पुढे समासात लिहिलेलं, 'सकाळी कुलूप काढताना हात थरथरतात. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून डाव्या हाताने उजवा धरतो.' भावनिक परिपूर्तीच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढून, 'सरांना अर्थ विचारणे.' मुलांच्या प्रश्नापुढे, 'मुलाला सांगितले आहे की जोरात चालू आहे. तो मित्रांना सांगतो. त्यामुळे आता बंदही करता येत नाही.' असं एकामागून एक. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही, पण या माणसाने माझ्या पोकळ वाक्यांना बसून खरी उत्तरं दिली होती. मी इतकी वर्षं पोरांना शिकवतो, एवढ्या मनापासून भरलेला कागद माझ्या हाती कधी आला नव्हता.

"शेवटचं वाचा," भाभी म्हणाल्या.

शेवटचा प्रश्न होता: 'अडचणीच्या वेळी तुम्ही मन कोणाजवळ मोकळं करता?' खाली पर्याय होते. पत्नी, भाऊ, मित्र, कोणीही नाही. त्यांनी चारही खोडले होते आणि खाली लिहिलं होतं: 'जळगावचे सर रविवारी घरी येणार आहेत. त्यांच्याजवळ.' रविवार हा शब्द खोडून परत लिहिलेला होता. त्याखाली पुन्हा खोडून, पुन्हा लिहिलेला. चार वेळा.

"म्हणजे तुम्ही आला असणार," त्या म्हणाल्या. "मी माहेरी गेले होते डिसेंबरात, तेव्हा आला असाल. काय बोलले?"

आजूबाजूला सहकारी बसले होते. एक जण मोबाईलवर क्रिकेट बघत होता. त्या खुर्चीवर, त्या कपाटासमोर, माझ्या तोंडून ते निघेना. मला फक्त एवढं कळलं की हे इथे बसून सांगता यायचं नाही. मी उठलो.

"भाभी," मी म्हणालो, "जरा खाली चला."

बोलून गेलो आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेली, व्यापाऱ्याच्या घरात दिलेली बाई. खाली चला म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं का? मला त्याच क्षणी नाही, नाही म्हणून ओरडायला हवं होतं. पण त्या उठून चालायलाही लागल्या होत्या. कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. मध्ये एका पायरीवर थांबल्या, पदर डोक्यावरून घेतला, नीट केला, मग पुढची पायरी. मी मागे. त्या पायऱ्या किती आहेत ते मी तेव्हापासून रोज मोजतो.

फाटकाबाहेर रस्त्यावर आल्यावर त्या कडुलिंबाला हात टेकून उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठे सापडले?"

"नाही, भाभी. तसं नाही. मला त्यांचं काहीच माहीत नाही."

"मग?"

"मी आलोच नव्हतो," मी म्हणालो. "एकदाही नाही. ते बोलवत होते. मी दर वेळी धुळ्यावरून जात होतो. फोन वाजत होता, मी उचलला नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि देवा, दे, असं मनात म्हणत होतो. त्या तिथेच झाडाच्या पारावर बसल्या. तोंडाला पदर लावला आणि मोठा श्वास सोडला.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "किती घाबरवलंत, सर. मला वाटलं, गेले."

आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. माझ्या त्या वाक्याने त्यांना बरं वाटलं. याहून वाईट माझ्या वाट्याला काही आलेलं नाही आणि येऊ शकेल असं वाटत नाही.

कागद मी मागितला. त्यांनी दिला नाही, ह्यांचं अक्षर आहे म्हणाल्या, आणि जुन्या घड्यांवरच घडी घालून पिशवीत ठेवला. मी रिक्षा थांबवली. बसताना त्या म्हणाल्या, "धुळ्याला आलात तर घरी या. रविवारी मी असते."

त्याला आता वर्ष होत आलं. एक रविवारआड मी साक्रीला जातो. बस धुळ्याला थांबते, तासभर वेळ असतो, स्टँडबाहेर रिक्षा उभ्या असतात. मी अजून गेलेलो नाही.